भाकरी : पोटभर अन्न व पुरते अन्न

आपल्या भाषेत उपजीविकेला ‘भाकरी’ म्हणतात. नोकरी गेली की माणूस भाकरीला मुकला, असे आपण म्हणतो. एका पदार्थाचे नाव साऱ्या जीवनाधाराला मिळावे, यावरून त्या पदार्थाचे आपल्या लोकजीवनातील स्थान सहज लक्षात येते. सोलापूर, धाराशिव, बीड, लातूर, परभणी, सांगली व सातारा या जिल्ह्यांच्या दुष्काळी पट्ट्यांत ही भाकरी मुख्यत: ज्वारीची असते. नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांच्या हलक्या जमिनींवर ती बाजरीची होते, आणि सह्याद्रीच्या उतारावर नाचणीची. कोकणात भाकरी तांदळाचीही होते. परंतु तेथील रोजचे अन्न भात व पेज हेच होय.

तथापि या मुख्य अन्नाविषयी खेड्यापाड्यांत दोन गैरसमज आढळून येतात. भाकरीने पोट भरले म्हणजे आहार झाला, असा पहिला समज आहे. भाकरी हे गरिबीचे अन्न असून चार पैसे हाती आल्यावर ते सोडून गहू-तांदळाकडे वळणे हीच सुधारणा, असा दुसरा. पहिल्या समजाने शरीराची उपासमार होते. दुसऱ्याने चांगले धान्य शेतातून व ताटातून नाहीसे होते. पोटभर अन्न व पुरते अन्न यांत अंतर आहे. ते अंतर कोणत्या जिनसांनी भरून निघते आणि त्यांतील कितीशा आपल्याच शेतात होऊ शकतात, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

धान्यात काय असते

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली भारतीय अन्नपदार्थांची घटक-कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांतील काही आकडे पुढे स्थूलमानाने दिले आहेत. हे प्रमाण 100 ग्रॅम धान्यातील आहे.

| धान्य | प्रथिने (ग्रॅम) | तंतुमय भाग (ग्रॅम) | लोह (मि.ग्रॅ.) | कॅल्शियम (मि.ग्रॅ.) |
|---|---|---|---|---|
| ज्वारी | 10 | 10 | 4.0 | 28 |
| बाजरी | 11 | 11.5 | 6.4 | 27 |
| नाचणी | 7 | 11 | 4.6 | 364 |
| गव्हाचा आटा | 10.5 | 11.5 | 4.1 | 31 |
| सडलेला पांढरा तांदूळ | 8 | 3 | 0.7 | 7 |
| तूरडाळ | 22 | 9 | 3.9 | 72 |

या कोष्टकावरून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, ज्वारी ही गव्हापेक्षा हलक्या प्रतीचे अन्न आहे, या समजुतीला आधार नाही; प्रथिने, तंतू व लोह या तिन्ही बाबतींत ती गव्हाच्या जवळपास आहे. दुसरी, बाजरीत लोह व नाचणीत कॅल्शियम यांचा विशेष साठा आहे. तिसरी, गिरणीत पांढराशुभ्र होईपर्यंत सडलेला तांदूळ पोट भरतो, परंतु त्यातील पोषक अंश बराचसा कोंड्याबरोबर निघून गेलेला असतो. कोकण व गोव्यातील उकड्या तांदळाची चाल या दृष्टीने शहाणपणाची आहे. भात उकडून मग सडल्याने कोंड्याजवळची काही जीवनसत्त्वे दाण्यात मुरतात व टिकून राहतात. तांदूळ वारंवार चोळून धुणे व भातावरची पेज ओतून देणे यांमुळे पुन्हा नुकसान होते. यास्तव पेज पिण्याची रीत सोडू नये.

भारत सरकारने 2018 साली ज्वारी, बाजरी, नाचणी आदी भरड धान्यांना पौष्टिक तृणधान्ये म्हणून घोषित केले, आणि भारताच्याच प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने 2023 हे वर्ष आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष म्हणून पाळले. हा मान योग्यच आहे. परंतु मानाबरोबर अतिशयोक्तीही येते. ज्वारी हे कोणत्याही रोगावरचे औषध नव्हे. ते एक सकस धान्य आहे, आणि धान्याच्या काही मर्यादा तिलाही आहेत.

भाकरीत काय नसते

दिवसभर कष्ट करणारा माणूस तीन मोठ्या भाकरी खातो, असे धरू. त्यांस सुमारे 300 ग्रॅम पीठ लागते. त्यातून 30 ग्रॅम प्रथिने मिळतात. आकडा वाईट दिसत नाही. परंतु प्रथिने ही अनेक घटकांची मिळून बनलेली असतात, आणि त्यांपैकी लायसिन नावाचा घटक ज्वारीत फार थोडा असतो. शरीराला प्रथिनांत हा घटक ज्या प्रमाणात लागतो, त्याच्या निम्म्याच्या आसपासच तो ज्वारीच्या प्रथिनांत सापडतो. बैलगाडीच्या एका चाकाची आरी मोडली असता दुसरे चाक कितीही धड असून उपयोग नसतो, तद्वत एका घटकाच्या अभावी बाकीची प्रथिनेही शरीरबांधणीच्या कामी पुरतेपणी लागत नाहीत. वाढीच्या वयातील मुलांना याची झळ सर्वांत आधी लागते.

तूर, मूग, मटकी, हरभरा, उडीद या कडधान्यांत हेच लायसिन मुबलक असते. कडधान्यांत जो घटक कमी पडतो तो धान्यात पुरेसा असतो. दोन्ही एकत्र खाल्ली की एकाचे उणे दुसरे भरून काढते. साधारणपणे तीन भाग धान्यास एक भाग डाळ, हे प्रमाण चांगले समजले जाते. म्हणजे 300 ग्रॅम पिठाच्या भाकरीबरोबर दिवसभरात 80 ते 100 ग्रॅम डाळ पोटात जावयास हवी. आज पुष्कळ घरांतील आमटीत डाळीपेक्षा पाणीच अधिक असते, हे सांगावयास नकोच.

केवळ ज्वारीवर गुजराण केल्याने काय होते, याचा कटू अनुभव दख्खनच्या पठाराने घेतलेला आहे. पेलाग्रा नावाच्या रोगात ऊन लागणाऱ्या भागांवरची, म्हणजे हाताच्या पाठीवरची, मानेवरची व पायांवरची कातडी काळवंडून सोलवटते. जुलाब लागतात, आणि रोग बळावल्यास मनाचा तोल जातो. नायसिन या जीवनसत्त्वाच्या उणिवेशी हा रोग निगडित आहे. हैदराबाद येथे संशोधन करणारे डॉ. सी. गोपालन व त्यांचे सहकारी यांनी 1960 च्या सुमारास दाखवून दिले की, या भागातील पेलाग्राचे रोगी हे प्रामुख्याने ज्वारीवरच जगणारे गरीब लोक होते. ज्वारीतील ल्युसीन या घटकाच्या आधिक्याशी त्यांनी या रोगाचा संबंध जोडला. या कारणमीमांसेवर पुढे मतभेद झाले. तथापि एका गोष्टीविषयी दुमत नाही : ज्यांच्या ताटात ज्वारीबरोबर डाळ, शेंगदाणे, दूध किंवा मांस-मासळी असते, त्यांना हा रोग सहसा होत नाही. दोष ज्वारीचा नव्हता. ज्वारीखेरीज ताटात दुसरे काही नव्हते, हा तो दोष होता.

जुन्या जेवणातील जोड

आपल्या प्रांतातील जुने जेवण पाहिले म्हणजे असे दिसून येते की, ही जोड लोकांनी अनुभवाने फार पूर्वीच बसविली होती. खानदेशात ज्वारी व उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी करतात. तिच्यात धान्य व कडधान्य यांचा मिलाफ पिठातच झालेला असतो. पिठले-भाकरी व झुणका-भाकरी यांत हरभरा येतो. थालिपिठाच्या भाजणीत चार धान्ये व डाळी येतात. सोलापूरकडील शेंगदाण्याची चटणी ही केवळ तोंडी लावण्याची वस्तू नव्हे. शेंगदाण्यात प्रथिने व तेल असतेच, शिवाय ज्या नायसिनच्या अभावी पेलाग्रा होतो त्याचा तो उत्तम पुरवठा आहे. मात्र खवट, काळपट किंवा बुरशी आलेले शेंगदाणे निवडून टाकावेत. त्यांत विषारी द्रव्य असण्याचा संभव असतो.

सणांची ताटेही याच दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि ओला हरभरा, घेवडा, गाजर, वांगी यांची एकत्र भाजी करतात. लातूर-धाराशिव भागात येळ अमावस्येला शेतात जाऊन आंबील, उंडे आणि अनेक शेंगांची व पालेभाज्यांची भज्जी खातात. धान्य, कडधान्य, पाला, तीळ व ताक या सर्व जिनसा त्या एका जेवणात येतात. वर्षातून एक दिवस जे ताट आपण हौसेने मांडतो, त्याचा साधा नमुना रोजच्या जेवणात आणता आला तर आहारशास्त्राचे निराळे पाठ देण्याची गरज उरणार नाही.

ताकाचे महत्त्व वेगळे सांगितले पाहिजे. ज्वारीच्या कण्या ताकात कालवून खाणे किंवा ताकातील आंबील पिणे, ही उन्हाळ्यातील रीत आहे. आंबविण्याने व मोड आणण्याने धान्यातील व कडधान्यातील लोह शरीराला अधिक सुलभ होते. म्हणून मोड आलेली मटकी व आंबील यांना ‘जुन्या चाली’ म्हणून बाजूस सारू नये.

घरची स्त्री शेवटी जेवते

आहाराच्या उणिवेचा सर्वांत मोठा भार घरातील स्त्रीवर पडतो. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या दर 100 स्त्रियांपैकी 54 स्त्रियांत रक्तक्षय आढळला. 2015–16 च्या पाहणीत हे प्रमाण 100 त 48 होते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत तर ते 100 त 69 एवढे आढळले. म्हणजे अन्नधान्याची टंचाई पूर्वीसारखी नसतानाही रक्तातील उणीव वाढली.

प्रौढ स्त्रीच्या आहारात दररोज 29 मिलिग्रॅम लोह असावे, अशी शिफारस आहे. पुरुषासाठी ती 19 मिलिग्रॅम आहे. 300 ग्रॅम ज्वारीतून 12 मिलिग्रॅम लोह मिळते. बाकीचे डाळ, पालेभाजी, तीळ, तसेच खाणाऱ्यांच्या घरी मांस-मासळी, यांतून यावयास हवे. परंतु घरोघरची रीत अशी की, पुरुष व मुले जेवून उठल्यावर बाई जेवावयास बसते. तेव्हा भाकरी उरलेली असते. आमटी व भाजी बहुधा संपलेली असते. मग चटणी-भाकरी किंवा चहा-भाकरीवर भागविले जाते. ज्या स्त्रीला लोहाची गरज सर्वांत अधिक, तिच्याच ताटात ते सर्वांत कमी येते. गरोदरपणात ही रीत आई व मूल या दोघांनाही घातक ठरते.

यावर उपाय खर्चाचा नाही. भाजी व डाळ शिजताच घरातील प्रत्येकाचा वाटा आधी वेगळा काढून ठेवावा. भाकरीबरोबर लिंबाची फोड, ओला आवळा, कैरी किंवा ताजी कोथिंबीर असावी. त्यांतील ‘क’ जीवनसत्त्वामुळे धान्यातील लोह अंगी लागण्यास मदत होते. उलट जेवणास लागून घेतलेल्या चहामुळे लोह शोषले जाण्यास अडथळा होतो. सबब चहा व जेवण यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे. ज्यांना धाप लागते, चक्कर येते किंवा फार थकवा वाटतो त्यांनी केवळ आहारावर न विसंबता आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे व दिलेल्या गोळ्या पुऱ्या घ्याव्यात.

ताट का बदलले

1960–61 साली महाराष्ट्रात ज्वारीचे क्षेत्र 60 लाख हेक्टरांहून अधिक होते. आज ते त्याच्या निम्म्याहूनही पुष्कळ कमी झाले आहे. याची कारणे शेतकऱ्याच्या लहरीत शोधू नयेत. 1964 साली सीएसएच-1 हे पहिले संकरित वाण आले व खरीप ज्वारीचे उत्पादन वाढले. परंतु खरिपाचे कणीस ऐन पक्वतेच्या वेळी पावसात सापडून काळे पडते, त्यास भाव मिळत नाही. अशा वेळी सोयाबीनसारखे रोख पैशाचे पीक उभे राहिले. पाणी आले तेथे ऊस आला. रब्बी ज्वारीची उपटणी व कापणी कष्टाची, मजूर मिळेनासे झाले. शेजारच्या शेतात ज्वारी नसली की परिसरातील सारी पाखरे एकाच शेतावर उतरतात, हीही अडचण लहान नाही. भाकरी थापण्यास कसब व वेळ लागतो. तरुण गृहिणीस पोळी सोपी वाटते.

दुसऱ्या बाजूने शिधावाटपाच्या दुकानातून मुख्यत: गहू व तांदूळ मिळू लागले. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा 5 किलो धान्य मिळते, आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. 1972–73 च्या दुष्काळात मिलो नावाच्या परदेशी लाल ज्वारीवर व दुष्काळी कामांवरील सुकडीवर दिवस काढलेल्या पिढीला या धान्याचे मोल कळते. त्यास नावे ठेवणे योग्य होणार नाही. परंतु दुकानात जे मिळते तेच आणि तेवढेच ताटात, असे होऊ लागले तर मात्र काळजीचे कारण आहे. त्या धान्याने पोटाची हमी मिळाली. डाळ, भाजी व ताक यांची सोय मात्र घरालाच करावी लागते.

येथे एक साखळी लक्षात घ्यावी. ज्वारी गेली की कडबा गेला. कडबा गेला की दावणीचे जनावर ठेवणे परवडेनासे झाले. जनावर गेले की घरचे ताक गेले आणि शेणखतही गेले. ज्वारीतील तुरीच्या ओळी गेल्या, बांधाकडेची करडई गेली, त्याबरोबर घरची डाळ, घरचे तेल व कोवळ्या करडईची भाजीही गेली. एक पीक सोडल्याने ताटातील किती जिनसा बाजारावर विसंबून राहिल्या, हे अशा रीतीने मोजावे. बाजारातून डाळ आणावयाची म्हटले की हात आखडतो, आणि कात्री प्रथम आमटीलाच लागते.

शहरांत आज ज्वारीला पुन्हा मान मिळू लागला आहे. चांगली मालदांडी ज्वारी शहरातील ग्राहक भाव देऊन घेतो. ही शेतकऱ्यास लाभाची गोष्ट होय. मात्र उत्तम धान्य पोत्यात भरून बाजारात जावे आणि त्या पैशातून मुलांच्या हाती बिस्किटांचा पुडा यावा, हा व्यवहार तोट्याचा आहे.

घरच्या धान्याचा हिशेब

खत, बी व मजुरी यांचा हिशेब आपण ठेवतो. तसाच घरच्या अन्नाचाही पेरणीपूर्वी मांडावा. पाच माणसांचे कुटुंब धरू. माणशी सरासरी रोज 350 ग्रॅम धान्य लागते असे मानल्यास दिवसाला पावणेदोन किलो व वर्षाला सुमारे 640 किलो धान्य लागेल. शिधापत्रिकेवर वर्षाला 300 किलो मिळत असल्यास उरते 340 किलो. पाहुणेरावळे, सणवार व साठवणीतील घट धरून 4 क्विंटल ज्वारी घरासाठी राखावी. कोरडवाहू रब्बी ज्वारीचे साधारण उत्पादन एकरी 3 ते 4 क्विंटल धरले, तर एक ते सव्वा एकर क्षेत्र त्यास पुरे होते. कडबा त्यात निराळा मिळतो.

डाळीचा हिशेबही असाच आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या आहारविषयक मार्गदर्शनात प्रौढ व्यक्तीसाठी दररोज 85 ग्रॅम कडधान्य सुचविले आहे. पाच माणसांस वर्षाला ते सुमारे 155 किलो होते. तुरीची डाळ करताना 100 किलोस सुमारे 70 किलो डाळ मिळते, हे ध्यानात घेता सव्वादोन क्विंटल तूर लागेल. हे सर्व एकाच पिकातून यावे असे नाही. खरिपात मूग, उडीद व मटकी, ज्वारीत तुरीच्या ओळी, रब्बीत हरभरा, असे वाटून घेतल्यास कोणत्याही एका पिकावर भार पडत नाही. सारी तूर काढणीच्या वेळी विकून पुढे चढ्या भावाने डाळ विकत घेण्यापेक्षा घरचा वाटा आधी कोठीत घालून उरलेली विकावी.

पालेभाजीसाठी न्हाणीचे सांडपाणी पुरते. परसात शेवग्याचे एक झाड, लिंबाचे एक झाड, आणि मेथी, चुका, शेपू, राजगिरा यांचा एक-एक वाफा असला तरी ताट बदलते. शेवग्याचा पाला तर कॅल्शियम व लोह यांनी समृद्ध असून बहुतेक घरी तो वाया जातो.

जमिनीप्रमाणे वाण

रब्बी ज्वारीत मालदांडी 35-1 या वाणाची ख्याती सर्वांना आहे. स्थानिक मालदांडीतून निवड पद्धतीने हे वाण मोहोळ येथील संशोधन केंद्रावर 1930 च्या दशकात तयार झाले, आणि भाकरीची चव व कडब्याची प्रत यांसाठी आजही लोक त्याचेच नाव घेतात. केंद्र सरकारच्या आधारभूत किमतींच्या यादीत मालदांडीचा स्वतंत्र उल्लेख असतो. 2025–26 साठी तिचा दर क्विंटलला 3,749 रुपये आहे. त्यानंतर राज्यातील कृषी विद्यापीठांनी जमिनीच्या खोलीनुसार वाण दिले आहेत. हलक्या जमिनीस फुले अनुराधा, मध्यम जमिनीस फुले सुचित्रा किंवा परभणी मोती, भारी जमिनीस फुले वसुधा किंवा फुले यशोदा आणि ओलिताखाली फुले रेवती निवडावे. हुरड्यासाठी फुले उत्तरा व फुले मधुर, तर लाह्यांसाठी फुले पंचमी ही वाणे आहेत. बाजरी खाणाऱ्या भागात धनशक्ती हे 2012 साली प्रसारित झालेले अधिक लोहयुक्त वाण घरासाठी अवश्य घ्यावे.

पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर या काळात करावी; फार आधी पेरल्यास खोडमाशीचा उपद्रव होतो. एकरी 4 किलो बी पुरते. काणी रोगास आळा घालण्यासाठी किलोस 4 ग्रॅम याप्रमाणे गंधकाची भुकटी बियाण्यास चोळावी. औषध लावलेले बी उरल्यास ते कोणत्याही परिस्थितीत दळणात किंवा जनावरांच्या खाद्यात मिसळू नये.

साठवण व दळण

धान्य घरी राखावयाचे म्हणजे साठवण चांगली हवी. ज्वारी कडक उन्हात वाळवावी. दाणा दाताखाली कडकन फुटला म्हणजे ती साठवणीस योग्य झाली, असे समजावे. शास्त्रीय मापाने तिच्यातील ओलावा 12 टक्क्यांहून कमी असावा. पूर्वीच्या पेवांत धान्य वर्षानुवर्षे राही. परंतु ओल शिरल्यास त्यातच त्याची नासाडीही होई. आज पत्र्याची घट्ट झाकणाची कोठी अधिक सोयीची आहे. ती भिंतीपासून दूर व फळीवर ठेवावी. खाण्याच्या धान्यात कीटकनाशक भुकटी मिसळू नये.

काढणीच्या वेळी भिजलेली, बुरशी धरलेली ज्वारी खाण्यास वापरू नये. 1995 साली दख्खनच्या पठारावरील काही खेड्यांत अवकाळी पावसात भिजून बुरशी आलेली ज्वारी व मका खाल्ल्याने अनेकांना पोटदुखी व जुलाबाचा त्रास झाला होता. बुरशीचे विष धुण्याने किंवा भाजण्याने खात्रीने जात नाही.

ज्वारीचे पीठ आठवड्यापुरतेच दळून आणावे. पीठ जुने झाले की त्यास कडवटपणा येतो, त्याची विरी जाते व भाकरी थापताना चिरते. मग दोष ज्वारीला दिला जातो. ताजे पीठ व कढत पाणी घेतल्यास भाकरी मऊ होते. पीठ चाळून कोंडा टाकू नये.

कार्यकर्त्यांनी काय करावे

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या विषयावर केवळ व्याख्यान देऊन थांबू नये. पुढील कामे प्रत्येक गावी सहज करता येण्यासारखी आहेत.

1. पेरणीपूर्वी निदान दहा कुटुंबांबरोबर बसून वर दाखविल्याप्रमाणे घरच्या धान्याचा व डाळीचा हिशेब मांडावा. हिशेबास घरातील स्त्री हजर असावी. कोठीत काय उरले हे तिलाच ठाऊक असते.

2. बचत गटाच्या बैठकीत कळण्याची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ व शेवग्याच्या पाल्याची भाजी प्रत्यक्ष करून दाखवावी. करण्याची रीत बहुधा गावातील वडीलधाऱ्या बायकांनाच उत्तम येते. त्यांनाच पुढे करावे.

3. ज्वारीचे प्रात्यक्षिक एकट्या शेतात न घेता लगतच्या चार-पाच शेतांत मिळून घ्यावे. त्यामुळे पाखरांचा उपद्रव वाटला जातो व राखणही एकत्र होते.

4. अंगणवाडी सेविका व आरोग्य कार्यकर्ती यांच्याशी विचारविनिमय करून, रक्तक्षय आढळलेल्या स्त्रियांच्या घरी आहाराची चौकशी करावी. काय पिकते, यापेक्षा त्या घरी कोण काय खाते, हे विचारावे.

5. शिधापत्रिकेचे धान्य न मिळणाऱ्या किंवा भूमिहीन कुटुंबांस हा हिशेब लागू पडत नाही. अशा कुटुंबांना त्यांचा हक्काचा शिधा मिळवून देणे हे पहिले काम समजावे. त्यानंतर परसातील भाजी, शेवगा व दोन-चार कोंबड्या यांविषयी सल्ला द्यावा.

धान्याची उणीव भरून काढण्यात आपल्या शेतकऱ्यांनी मोठा पराक्रम केला आहे. आता धान्याच्या राशीइतकेच लक्ष ताटातील वाट्यांकडे दिले पाहिजे. भाकरी ताटात राहू द्यावी, परंतु ती एकटी राहू नये. तिच्या जोडीला घट्ट डाळ, मूठभर पाला, चमचाभर शेंगदाण्याची चटणी व वाटीभर ताक असावे, आणि हे सारे घरातील शेवटी जेवणाऱ्या माणसापर्यंत पोहोचावे. येत्या हंगामात पेरणीचा विचार करताना प्रत्येक शेतकरी कुटुंबाने एक एकर आपल्या ताटासाठी राखून पाहावा.